कागदाचा खांब

खुशालरावाला आपल्या नाटकाची तारीफ ऐकायची होती, आणि त्यासाठी त्यानं अमरावतीहून शेषरावांना बोलावलं. यावरूनच त्याच्या अकलेचा अंदाज यावा.

शेषराव पूर्वी अमरावतीच्या कचेरीत साहेबापुढे कागद मांडणारे पेशकार होते. वरिष्ठांचं अक्षर आणि अक्कल दोन्ही सहन होईनात, म्हणून त्यांनी नोकरी सोडली. तेव्हापासून चोरी, विषप्रयोग, खोटा वारस असली प्रकरणं घेऊन लोक त्यांच्या ओसरीवर येत, आणि शेषराव नाक मुरडत ती सोडवत. दुसरा नाद नाटकांचा. वऱ्हाडात उतरलेली एकही मंडळी त्यांनी पाहायची सोडली नव्हती आणि एकीलाही चांगलं म्हटलं नव्हतं.

त्यांच्यासोबत असे तो नत्थुजी. बार्शीटाकळीचा माळी, वांगी आणि झेंडू पिकवणारा. त्याची चोरीला गेलेली बैलजोडी शेषरावांनी शोधून दिली, तेव्हापासून पंत, म्हणजे शेषराव, जातील तिथं हा. त्याला सगळीच नाटकं आवडत. प्रल्हादाला कड्यावरून लोटलं की तो दर वेळी रडायचा, आणि शेषराव दर वेळी दुसरीकडे बघायचे.

खुशालराव मूळचा अकोटकडचा शेतकरी. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेला कापूस मिळेना, आणि इथल्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. आता त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या, घरात तीन घड्याळं होती आणि वेळ सांगता येणारा माणूस एकही नव्हता. अकोल्याच्या आपल्या कापसाच्या आवारात त्यानं पुंजारामाच्या मंडळीचा नरसिंहाचा खेळ लावला. हा खेळ सगळ्या वऱ्हाडाला पाठ, पण आपण लावलेला सगळ्यांत भारी असं शेषरावांच्या तोंडून वदवून घ्यायचं त्यानं मनावर घेतलं होतं.

खेळ दुपारचा ठेवला होता. रात्री मशाली लागतात, आणि आवारात रुईच्या गंजी उभ्या. एक ठिणगी पडली असती तर खुशालराव पुन्हा औतामागे. म्हणून फाटकावर माणसं बसवून येणाऱ्या प्रत्येकाची चकमक काढून घेतली जात होती. मंचाचं तोंड मात्र नेहमीसारखं पूर्वेलाच होतं, कारण नरसिंह पूर्वेकडे तोंड करूनच प्रगट होतो असा मंडळीचा नेम. मंचामागे कलाकारांचा तंबू आणि तंबूमागे गंजी.

आरंभी देवमनला पुढे आणलं. सिंहाचं सोंग त्याचं. खेळाच्या दिवशी त्याला निर्जळी उपास. मुखवटा एकदा बांधला की खेळ संपून अंघोळ घालेपर्यंत सुटायचा नाही, आणि तोवर तो देवमन नव्हे, देव. मालक पुंजाराम, जो सूत्रधारही होता, त्यानं सगळ्यांसमोर मुखवट्याच्या दोऱ्यांना गाठी मारल्या. बायांनी ओवाळलं. मग अंगभर हरताळाचा पिवळा रंग फासलेला देव पडद्याच्या कडेला उभ्या केलेल्या खांबात शिरला. खांब म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर चिकटवलेला तांबडा कागद आणि पाठीमागे शिरायला फट. शेवटी खांब फोडून बाहेर पडेपर्यंत देवानं आतच बसायचं.

"एवढा वेळ कोंडून घ्यायचं, बिनपाण्याचं," नत्थुजी भारावून म्हणाला.

"बाहेर राहून अभिनय करण्यापेक्षा बरं," शेषराव म्हणाले.

खेळ सुरू झाला आणि शेषरावांची जीभही. सूत्रधार गात नव्हता, गुरं वळत होता. प्रल्हाद चाळिशीचा दिसत होता. हिरण्यकशिपू झालेला उकंडा काजळानं काळाकुट्ट होऊन ओरडत होता, आणि उन्हानं त्याच्या अंगावरून काळे ओघळ धोतरावर उतरत होते. राणी कयाधू झाला होता गोवर्धन. तिच्या गळ्यात खुशालरावाच्या बायकोचा, माणिकबाईचा, खराखुरा चंद्रहार होता, आणि खुशालराव नाटक सोडून हाराकडेच बघत होता.

"राणी रडताना हात बघा," शेषराव म्हणाले. "चूल फुंकते आहे."

हे नत्थुजीला लागलं. गोवर्धन त्याच्याच गावचा, माळ्याचाच पोर. लुगडं नेसतो म्हणून त्याच्या बायकोला, शकुनला, तिचे भाऊ माहेरी घेऊन गेले होते. मोठ्या मिनतवारीनं गेल्या दिवाळीत ती परत आली. पुन्हा घराण्याला खाली बघायला लावलं तर कायमची नेऊ, असं भावांनी बजावलं होतं. आज शकुन पहिल्यांदाच नवऱ्याचं काम बघायला आली होती. ती बायांच्या बाजूला बसली होती आणि दोघे भाऊ मागे मिशा पिळत उभे होते.

राणीचा शेवटचा प्रवेश संपला. थोड्या वेळानं गोवर्धन लुगड्यातच, पण उघड्या गळ्यानं, सूत्रधारामागे गायला येऊन उभा राहिला. ऊन आता कलंडलं होतं. समोर प्रल्हाद गुरुजींशी वाद घालत होता.

"वा," शेषराव म्हणाले. "खांबाचा आकाशकंदील झाला. पाठीमागनं ऊन आलं तर कामटी न् कामटी दिसते आहे. रात्री समोर मशाली असतात म्हणून झाकून जातं. दिवसा खेळ लावताना एवढं कळू नये?"

प्रल्हाद आता कड्यावर चढत होता.

शेवटी उकंडानं खांबाला लाथ मारली, कागद टरकला आणि नरसिंह गर्जत बाहेर आला. लोकांनी जमिनीवर डोकी टेकली. नत्थुजीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"सिंह म्हातारा दिसतो," शेषरावांनी त्याच्या कानात सांगितलं. "आयाळ मागून पिकली आहे. रंग मात्र काय ताजा! आत्ताच लग्नाची हळद लागल्यासारखा."

खरंच, अंबाडीच्या पिवळ्या आयाळीत मागच्या बाजूला पांढरं काहीबाही अडकलेलं होतं. मागे बसलेली गाडीवाली मंडळी फिदीफिदी हसली. नत्थुजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खेळ संपला. रिवाजाप्रमाणे देवाला मंचापुढे पाटावर बसवलं, लंगोटी आणि मुखवट्याखेरीज सगळं उतरवलं आणि दुधानं, मग पाण्यानं न्हाऊ घातलं. खुशालरावानं सगळ्यांसमोर त्याचे पाय धुतले आणि नवराबायकोनं ते तीर्थ घेतलं. पुंजारामानं स्वतःच्या हातानं मुखवट्याच्या गाठी सोडल्या. तेवढ्यात तंबूतून ओरड आली की चंद्रहार नाही.

पुढचं सगळं खुशालरावानं आपल्या अकलेप्रमाणे केलं. फाटक बंद केलं. तंबू उलटापालटा केला, मंडळींचे कपडे झाडले. हार शेवटी ज्याच्या गळ्यात होता तो चोर, हे त्यानं जागच्या जागी ठरवलं आणि गोवर्धनला लुगड्यासकट गाडीच्या चाकाला बांधलं. ठाण्यावर माणूस पाठवला. शकुनच्या थोरल्या भावानं तिचा दंड धरला. फाटक उघडलं की तो तिला घेऊन जाणार होता. ती नुसती चाकाकडे बघत होती.

"पंत," नत्थुजी म्हणाला, "हा पोरगा चोर नाई. याचा संसार बुडून राहिला. तुमी काई करा."

"राणी म्हणून तो टाकाऊ आहे," शेषराव म्हणाले. "पण टाकाऊ नटाला चोर म्हणायचं तर अख्खी मंडळी बांधावी लागेल. चला."

आधी ते गोवर्धनजवळ गेले. त्याच्या गालांवरचा सफेदा आसवांनी फाटला होता.

"हार काढला, तंबूत गणपती मांडला हाये, त्याच्यापुढच्या लाल फडक्यावर ठेवला," तो म्हणाला. "नेहमी तथीच ठेवतो. देवापुढचं कोनी उचलत नाई. मंग गायले गेलो. त्याच्या पलीकडं मले काई मालूम नाई जी."

"तंबूत तेव्हा कोण होतं?"

"कोनीच नाई. सारे मंचावर होते."

शेषराव तंबूत गेले. लाल फडकं तसंच होतं, हळदकुंकू सांडलेलं. शेजारी हरताळाचा वाडगा आणि पाण्याचा तांब्या, तांब्यावर काळ्या बोटांचे ठसे. त्यांनी सगळ्याकडे पाहिलं आणि उकंडाला हाक मारली. तो घाबरून स्वतःच बोलू लागला की, पाणी प्यायला मधेच एकदा आलो होतो, पण हाराकडे पाहिलंसुद्धा नाही, जीभ टाळूला चिकटली होती. पुंजाराम तर आरंभापासून मंचावर उभा. हजार माणसांनी त्याचा आवाज सोसला होता. त्याच्यापाशी शेषरावांनी एकच चौकशी केली. मुखवट्याच्या गाठी सोडताना त्या त्यानंच मारलेल्या होत्या का? पुंजारामानं गणपतीची शपथ घेऊन सांगितलं की होत्या, मधे कुणी सोडल्या नव्हत्या.

देवमन नवं धोतर नेसून बाजेवर बसला होता आणि उपास सोडण्यासाठी नारळ फोडत होता. आजूबाजूला बाया पाया पडत होत्या. शेषराव समोर उभे राहिले तरी तो उठला नाही.

"आत फार उकडलं असेल," शेषराव म्हणाले.

"देवाले कायचा उकाडा? आंग तापते, पन मन थंड असते."

"बाहेर कोण येतं, जातं, काही कळलं?"

"मी खांबात होतो जी. जाताना सर्व्यांनं पाह्यलं, निंगतानाही पाह्यलं. आतमंदी डोये मिटून नाव घेत होतो."

"बरं," शेषराव म्हणाले आणि वळले. नत्थुजीनं मात्र सवयीनं देवमनच्या पायाला हात लावला.

खुशालराव तंबूच्या दाराशी येरझाऱ्या घालत होता. "पंत, चोर सापडला हाये. शिपाई येऊनच राहिले. तुमी आमचा खेळ कसा झाला थे सांगा ना."

"तेच सांगायला आलो आहे," शेषराव म्हणाले. "सगळ्यांना बोलवा. मालक, राक्षस, सिंह. तुमच्या घरच्या मंडळीही येऊ देत. पण अंधार पडायच्या आत. इथं दिवा लावायची सोय नाही."

तंबूत सगळे जमले. गोवर्धनलाही चाकावरून सोडून आणलं. माणिकबाई पदर सावरून कनातीशी उभी राहिली. खुशालराव तारीफ ऐकायला मान पुढे काढून बसला.

"खेळ भिकार झाला," शेषरावांनी सुरुवात केली. "पण भिकारपणाचेही प्रकार असतात. उकंडाचा राक्षस प्रामाणिकपणे भिकार. घाम आला, काजळ ओघळलं, ते त्यानं लपवलं नाही. त्याच हातांनी तो पाणी प्याला. तांब्यावर पाचही बोटं उमटली आहेत. या फडक्यावर एक तरी काळा डाग दाखवा. हार त्यानं उचललेला नाही."

उकंडानं घाम पुसला.

"आता सिंह. आयाळ मागून पांढरी होती. लोक हसले. मीही हसलो. ती रुई होती."

"आवारात रुई उडतेच ना," खुशालराव म्हणाला.

"उडते. मग पुंजारामाच्या पागोट्यावर का नाही? राणीच्या अंबाड्यात का नाही? उकंडाच्या ओल्या काजळाला तर ती आधी चिकटली असती. उघड्यावर नाचणारे सगळे कोरडे राहिले, आणि चारी बाजूंनी कागद लावलेल्या खांबात बसलेल्या एकट्याच्या केसांत रुई. वारा फारच निवडक म्हणायचा."

देवमनचा नारळ हातातच राहिला.

"दुसरं, रंग. आज सगळ्यांचे रंग उतरले. हा उन्हात, कागदात कोंडलेला, आणि याचा हरताळ ताजा. घामेजलेल्या हातांनी रुईत शिरलं की कोपरापर्यंत ती चिकटते. झटकली की रंगही जातो. मग तंबूतल्या वाडग्यातून पुन्हा फासावा लागतो. हात दिसतात, म्हणून हात नीट केले. आयाळ डोक्यामागे, मुखवटा सोडायची बंदी. तिथली रुई त्याला दिसली नाही."

"पन थो खांबात होता," पुंजाराम कळवळून म्हणाला. "साऱ्या गावानं पाह्यलं पंत."

"साऱ्या गावानं त्याला शिरताना पाहिलं आणि निघताना पाहिलं. मधे गाव काय बघत होतं? नत्थुजी, राणी गायला उभी राहिली तेव्हा मी खांबाला काय म्हणालो?"

नत्थुजी आठवू लागला. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "आकाशकंदील. कामट्या दिसून राहिल्या म्हनले."

"सगळ्या दिसत होत्या?"

"सगळ्या," नत्थुजी म्हणाला. "अन् त्याइच्या मधात... कोनीच नोतं. मानसाची सावली नोती."

नत्थुजीनं ज्या हातानं पाय शिवले होते तो हात धोतराला पुसला, पुन्हा पुसला. कितीतरी वर्षं तो या सोंगापुढे रडत आला होता. त्याला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

"मंडळीचा जन्म मशालींत गेला," शेषराव म्हणाले. "मशाली समोर असतात, कागद भिंतीसारखा दिसतो, आत कोण आहे नाही कळत नाही. दिवसा खेळ, आणि तोंड नेमाप्रमाणे पूर्वेला. म्हणजे कलता सूर्य खांबाच्या पाठीशी. देवमनला हे सुचलंच नाही. तो नेहमीच्या हिशोबानं फटीतून निघाला, रिकाम्या तंबूत आला आणि हार उचलला. फडक्यावर पिवळं लागलं असेल तर ते हळदीत मिसळून गेलं. अंगावर ठेवता येईना, कारण खेळ संपताच लंगोटीवर अंघोळ. म्हणून त्यानं हार मागच्या गंजीत खुपसला आणि परत येऊन देव झाला."

"कोनत्या गंजीत?" खुशालराव ओरडला. "चार गंजा हाये माह्या."

"रुई पांढरी असते, खुशालराव. पिवळा डाग शोधा."

नत्थुजीच गेला. तंबूला लागून असलेल्या गंजीवर कमरेच्या उंचीला पिवळा फराटा होता. त्यानं हात घातला, आणि खांद्यापर्यंत गेल्यावर बोटांना धातू लागला.

हार समोर ठेवला तेव्हा देवमननं नाकारलं नाही. "सारे कापसावर मोठे झाले जी," तो म्हणाला. "मी वरसाचे वरस देव होऊन राहिलो, अन् हाती नारळ. मले माही सोताची मंडळी काढाची होती."

"आणि त्यासाठी याला चाकाला बांधलेलं बघत नारळ फोडत बसलास," शेषराव म्हणाले. "थू."

खुशालरावानं हार उचलला, फुंकला, बायकोच्या हाती दिला. मग त्याचा चेहरा बदलला. तो शेषरावांना बाजूला घेऊ लागला. देवमनला शिपायांबरोबर मागच्या वाटेनं गुपचूप पाठवू, लोकांना सांगू की हार रुईत पडला होता, सापडला. "म्या सर्व्यांसमोर त्याचे पाय धुतले पंत. तीर्थ घेतलं. अख्खं अकोलं हासन मले."

"आणि गोवर्धन?"

"त्याले सोडतो ना. सोडलाच."

"सोडून दिलेला चोर आणि चोर नसलेला माणूस, हे दोन वेगळे. तुम्ही त्याला सगळ्यांसमोर बांधलंत. आता मंचावर चढा आणि सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर अमरावतीपासून मलकापुरापर्यंत या खेळाची हकिकत मी सांगेन, आणि तुमचं काम त्यात सविस्तर घेईन."

खुशालरावानं आशेनं बायकोकडे पाहिलं.

"जा," माणिकबाई म्हणाली. "तीर्थ म्याही घेतलं. चोर नाई त्याले चोर म्हनलं, त्याची लाज जास्त हाये."

खुशालराव मंचावर चढला. फाटक बंद असल्यानं माणसं अजून तिथंच होती, कंटाळलेली आणि चोराला शिव्या देणारी. फाटलेल्या खांबापाशी उभं राहून तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला.

"ऐकू येत नाही," शेषराव खालून म्हणाले. "मागच्या गाडीवाल्यांपर्यंत गेलं पाहिजे."

खुशालरावानं आवाज चढवला. हार सापडला, गोवर्धनकडे नव्हता.

"अर्धंच सांगितलंत. कुणी घेतला? तुम्ही कुणाचे पाय धुतले? गोवर्धन कोण? पुन्हा, पहिल्यापासून."

तिसऱ्या वेळी खुशालरावानं डोळे मिटले आणि ओरडून सगळं सांगितलं. देवमननं चोरी केली, मी चोराचे पाय धुतले, गोवर्धनला खोटा आळ घालून बांधला, तो चोर नाही. लोक आधी हसले, आणि मग हळूहळू त्यांचं हसणं थांबलं, कारण गोवर्धन तंबूच्या दाराशी येऊन उभा राहिला होता. कमरेला लुगडं, मनगटांवर दोरीचे वळ.

शकुननं भावाच्या हातातून दंड सोडवला. तो काही म्हणायच्या बेतात होता, पण आजूबाजूला पाहून त्यानं हात खाली घेतला. बायांच्या बाजूनं ती सरळ मंचाला वळसा घालून गेली, तंबूतून पाणी आणलं, नवऱ्याला खाली बसवलं आणि सगळ्या गावादेखत पदरानं त्याच्या तोंडावरचा रंग पुसू लागली. तो रडत होता म्हणून रंग नीट निघत नव्हता, तरी ती पुसत राहिली.

नत्थुजीला जागचं हलवेना. शेषराव केव्हाच दमणीत जाऊन बसले होते, आणि बैल जुंपायला उशीर होतो आहे म्हणून त्याला हाका मारत होते.